रिपोर्टमधल्या लांबलचक शब्दांचा विग्रह

सोनोग्राफीचा रिपोर्ट पुष्कळदा संध्याकाळी हातात पडतो आणि डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची असते. मधल्या रात्री घरातलं कुणीतरी चष्मा लावून शेवटच्या चार ओळी वाचायला घेतं आणि ‘माइल्ड हेपॅटोस्प्लेनोमेगॅली’पाशी थबकतं. इंग्रजीत या शब्दाला १८ अक्षरं लागतात. शब्द एवढा लांब आहे तर आजारही तसाच मोठा असणार, असं वाटून घरादाराची झोप उडते.

शब्दाच्या लांबीचा आणि आजाराच्या गांभीर्याचा काहीही संबंध नाही. ‘स्ट्रोक’ केवढासा शब्द आहे, पण त्यात एकेक मिनिट महत्त्वाचं असतं. उलट ‘नॅसोफॅरिंजायटिस’ म्हणजे नाक आणि घशाला आलेली सूज, रोजच्या भाषेत सर्दी-पडसं. लांब शब्द लांब असतो, कारण त्यात दोन-तीन शब्द एकमेकांना चिकटलेले असतात. ते सोडवता आले की निम्मी भीती जाते. सोडवण्याची पद्धत मराठी माध्यमात शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, कारण व्याकरणाच्या तासाला समासाचा विग्रह आपण सगळ्यांनीच केला आहे.

वाचन शेवटाकडून सुरू करायचं

तत्पुरुष समासात दुसरं पद प्रधान असतं, हा नियम आठवत असेल. ‘राजपुत्र’ हा मुळात पुत्र असतो. कुणाचा, ते पहिलं पद सांगतं. वैद्यकातले बहुतेक लांब इंग्रजी शब्द असेच बांधलेले आहेत. शेवटचा तुकडा काय झालं ते सांगतो आणि आधीचे तुकडे कुठे झालं ते सांगतात.

‘हेपॅटोस्प्लेनोमेगॅली’च्या शेवटी ‘मेगॅली’ आहे, म्हणजे आकार वाढणं. ‘हेपॅटो’ म्हणजे यकृत, आपण ज्याला लिव्हर म्हणतो ते, आणि ‘स्प्लेनो’ म्हणजे प्लीहा, जुन्या बोलीतली पाणथरी. यकृत आणि प्लीहा दोन्ही मोठी झाली आहेत, एवढंच तो शब्द सांगतो. कशामुळे मोठी झाली, हे त्यात नाही. मलेरियात ती मोठी होतात, टायफॉइडमध्ये होतात, यकृताच्या जुन्या आजारात होतात आणि रक्ताच्या काही आजारांतही होतात. शब्द निरीक्षण नोंदवतो. निदान डॉक्टर करतात, तेही बाकीच्या तपासण्या शेजारी ठेवून. लांब शब्द वाचताना हा फरक मनात पक्का असला पाहिजे.

पावसाळ्यात घरोघरी ऐकू येणारा दुसरा शब्द म्हणजे ‘थ्रॉम्बोसायटोपेनिया’. डेंग्यूचा संशय आला, रक्त तपासलं, की कागदावर हा शब्द येतो. शेवटी ‘पेनिया’ आहे, म्हणजे टंचाई. ग्रीकमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ गरिबी. ‘सायटो’ म्हणजे पेशी आणि ‘थ्रॉम्बो’ म्हणजे रक्ताची गुठळी. गुठळी धरणाऱ्या पेशींची टंचाई, म्हणजेच प्लेटलेट कमी झाल्या. एका मायक्रोलीटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. त्याच कागदावर ‘ल्यूकोपेनिया’ही दिसला, तर ‘ल्यूको’ म्हणजे पांढरं. पांढऱ्या पेशी कमी आहेत. आणि ‘पॅनसायटोपेनिया’ असेल तर ‘पॅन’ म्हणजे सर्व, तिन्ही प्रकारच्या पेशी कमी. ‘पेनिया’ हे एकच शेपूट ओळखीचं झालं आणि तीन शब्द उलगडले.

शेपटं कुठे फसवतात

सगळ्यात परिचित शेपूट ‘आयटिस’चं. इंग्रजीत आय-टी-आय-एस या चार अक्षरांनी शब्द संपला की तिथे दाह आहे असं समजावं. टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस, गॅस्ट्रायटिस, आर्थ्रायटिस. दाह म्हणजे सूज, लाली, उष्णता आणि वेदना. रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात दाहाची हीच चार लक्षणं लिहून ठेवली होती. दाह जंतूंमुळेच होतो असं मात्र नाही. संधिवाताच्या आर्थ्रायटिसमध्ये शरीराची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा सांध्यांवर उलटलेली असते, म्हणून तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नसतो.

‘ओसिस’ या शेपटाचा अर्थ जास्त सैल आहे: एखादी अवस्था, बहुधा बिघडलेली. या दोहोंची गल्लत आपल्याकडे सर्रास होते, आणि ती मानेच्या बाबतीत सगळ्यात जास्त. मान दुखली की कुणीही सहज म्हणतं, ‘स्पॉन्डिलायटिस झालाय.’ एक्स-रेच्या रिपोर्टवर मात्र बहुतेकदा ‘स्पॉन्डिलोसिस’ लिहिलेलं असतं. ‘स्पॉन्डिलो’ म्हणजे मणका. स्पॉन्डिलोसिस म्हणजे वयानुसार मणक्यांची आणि मधल्या चकत्यांची झीज. चाळिशी-पन्नाशीनंतर ती असंख्य लोकांच्या एक्स-रेत दिसते आणि त्यातल्या कित्येकांना काही त्रासही नसतो. मणक्यांचा खरा दाह, म्हणजे अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, हा वेगळा आजार आहे. तो बहुधा तरुण वयात सुरू होतो आणि त्याचे उपचारही निराळे आहेत. शेवटच्या दोन-तीन अक्षरांनी आजारच बदलतो. म्हणून रिपोर्टवर नक्की कोणतं शेपूट छापलं आहे ते बघावं आणि दुसऱ्या डॉक्टरांना सांगताना तोच शब्द सांगावा.

‘ओमा’ वाचल्यावर पुष्कळांच्या पोटात गोळा येतो, कारण ‘कार्सिनोमा’ ऐकलेला असतो. ‘ओमा’ म्हणजे गाठ, पण कोणत्या जातीची ते आधीच्या पदावर ठरतं. ‘लायपो’ म्हणजे चरबी; लायपोमा ही चरबीची मऊ गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. ‘हीमॅटोमा’ म्हणजे मार लागून त्वचेखाली किंवा आत कुठे तरी साकळलेलं रक्त. ‘ग्लॉकोमा’ म्हणजे काचबिंदू, त्यात गाठीचा संबंधच नाही. मात्र उलटंही होतं. ‘लिम्फोमा’ आणि ‘मेलॅनोमा’ ही नावं लायपोमासारखीच साधी वाटतात, पण हे दोन्ही कर्करोग आहेत. ‘ओमा’च्या बाबतीत म्हणून स्वतःच्या विग्रहावर विसंबून राहू नये, सरळ विचारावं. ‘कार्सिनोमा’तला ‘कार्किनॉस’ म्हणजे खेकडा. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी हा शब्द वापरला. मराठीतल्या कर्करोगातला कर्क हाही खेकडाच.

शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करताना तीन शेपटं ओळखता आलीच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. ‘टॉमी’ म्हणजे कापणं, छेद घेणं. ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून बाहेर काढणं. ‘ऑस्टॉमी’ म्हणजे नवं तोंड तयार करणं. ग्रीक ‘स्टोमा’ म्हणजे तोंड. मोठ्या आतड्याला इंग्रजीत कोलन म्हणतात. कोलेक्टॉमी म्हणजे त्याचा भाग किंवा सगळंच काढून टाकणं. कोलोस्टॉमी म्हणजे आतड्याचं टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर आणून तिथे वाट करणं, ज्यावर पुढे पिशवी लावावी लागते. उच्चार एवढे जवळचे, पण रुग्णाच्या उरलेल्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक. सहीपूर्वी ‘नक्की काय काढणार आणि काय जोडणार’ हे मराठीत विचारून घेणं हा रुग्णाचा हक्क आहे, आणि शेपूट ओळखता आलं तर प्रश्न नेमका विचारता येतो.

पित्ताशयाची शस्त्रक्रिया आता घरोघरी माहीत झाली आहे. ‘कोलेलिथायसिस’ हे निदान आणि ‘कोलेसिस्टेक्टॉमी’ ही शस्त्रक्रिया. ‘कोले’ म्हणजे पित्त, ‘लिथ’ म्हणजे दगड, ‘सिस्ट’ म्हणजे पिशवी. पित्तात खडे झाले, म्हणून पित्ताची पिशवी काढली. ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा १८८२ मध्ये बर्लिनला कार्ल लांगेनबुख यांनी केली. यातला ‘लिथ’ लक्षात राहिला की मूत्रपिंडातल्या खड्यांचा ‘नेफ्रोलिथायसिस’ही कळतो आणि ‘लिथोट्रिप्सी’ म्हणजे खडे फोडणं हेही.

अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी हे दोन्ही शब्द आपण ‘अँजिओ’ एवढ्यावर आटोपतो आणि मग फोनवर गोंधळ होतो. ‘अँजिओ’ म्हणजे रक्तवाहिनी, ‘ग्राफी’ म्हणजे आलेखन किंवा चित्रण, ‘प्लास्टी’ म्हणजे आकार देणं, दुरुस्ती करणं. पहिल्यात रक्तवाहिन्यांचं फक्त चित्र काढतात, दुसऱ्यात अरुंद झालेली वाट फुग्याने रुंद करतात आणि बहुधा स्टेंट बसवतात. हृदयाच्या रक्तवाहिनीची पहिली अँजिओप्लास्टी आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ मध्ये झुरिकला केली. ‘काकांची अँजिओ झाली’ असा निरोप आला तर ‘ग्राफी की प्लास्टी?’ हे विचारल्याशिवाय पुढे कुणाला कळवू नये.

अर्धे शब्द आपल्या नात्यातले

आता या विषयातल्या मला सगळ्यात आवडणाऱ्या भागाकडे येतो. या तुकड्यांपैकी बहुतेक ग्रीक आणि लॅटिन आहेत. १७८६ मध्ये कोलकात्याला एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स यांनी सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाने आलेलं असू शकत नाही. त्या एकाच मुळातून निघालेल्या असाव्यात. पुढे भाषाशास्त्रज्ञांनी ते नियम बसवून दाखवलं. म्हणजे संस्कृतातून आलेले शब्द रोज बोलणाऱ्या मराठी माणसाला हे ग्रीक तुकडे दूरच्या नात्यातले आहेत. इंग्रजी मातृभाषा असणाऱ्याला ते घोकावे लागतात. आपल्याला ओळख पटवून घेता येते.

‘ऑस्टिओ’ म्हणजे हाड: ऑस्टिओपोरोसिस, ऑस्टिओआर्थ्रायटिस. संस्कृतात अस्थि. ‘ओडोंट’ म्हणजे दात, ऑर्थोडोंटिस्टमधला, संस्कृतात दंत. ‘कार्डिओ’ म्हणजे हृदय, आणि तो ‘हृद्’चाच भाऊबंद. ‘एंटेरो’ म्हणजे आतडं, गॅस्ट्रोएंटेरायटिसमधला. संस्कृतात आंत्र, त्यावरूनच आपलं आतडं. ‘मेट्रा’ म्हणजे गर्भाशय, महिलांच्या सोनोग्राफीतल्या ‘एंडोमेट्रियम’मधला, तो ग्रीकमधल्या आईच्या शब्दावरून आला आणि आपल्या ‘माता’चा सख्खा. ‘मेनो’ म्हणजे महिना, मेनोपॉजमधला, आपला मास. ‘डायरिया’तला ‘रिया’ म्हणजे वाहणं. संस्कृतात ‘स्रु’, ज्यापासून आपला स्राव. झोपेच्या औषधांना ‘हिप्नॉटिक’ म्हणतात. ग्रीक ‘हिप्नॉस’ म्हणजे झोप, आणि आपलं स्वप्न त्याच घराण्यातलं. ‘मायो’ म्हणजे स्नायू, हृदयाच्या स्नायूचं नाव ‘मायोकार्डियम’. ग्रीकमध्ये त्या शब्दाचा आणखी एक अर्थ उंदीर, आणि संस्कृतात मूषक. दंडाची बेटकुळी हलताना त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडकी दिसली.

ग्रीकमधला ‘प’ आणि संस्कृतातला ‘क’ किंवा ‘च’ यांची अदलाबदल पुष्कळ ठिकाणी दिसते. पंच म्हणजे ‘पेंटा’. पचनातला ‘पच्’ म्हणजे ‘पेप्’, जो ‘पेप्टिक अल्सर’मध्ये आणि ‘डिस्पेप्सिया’मध्ये आहे. आणि यकृत म्हणजे ‘हेपार’, जिथून हिपॅटायटिस आला. स्प्लीन म्हणजे प्लीहा, हे तर उच्चारतानाच जाणवतं. ‘मेगा’ म्हणजे महा. आता तो झोप उडवणारा ‘हेपॅटोस्प्लेनोमेगॅली’ पुन्हा बघा: यकृत, प्लीहा, महा. तिन्हीच्या तिन्ही पदं आपल्याच कुळातली निघाली.

उपसर्गांचं नातं तर आणखी कामाचं आहे. ‘ए’ किंवा ‘अ‍ॅन’ म्हणजे नसणं. शब्द व्यंजनाने सुरू होत असेल तर ग्रीकमध्ये नुसता ‘अ’ लागतो, स्वराने सुरू होत असेल तर ‘अन्’. अ‍ॅप्निया म्हणजे श्वास न चालणं, अ‍ॅनिमिया म्हणजे रक्ताची कमतरता, अ‍ॅनेस्थेशिया म्हणजे संवेदना नसणं. आपल्याकडे अन्याय, पण अनावश्यक. अशक्त, पण अनादर. नियम तंतोतंत तोच. ‘पेरी’ म्हणजे परि, भोवताली: परिसर, परिघ आणि पेरिकार्डियम, म्हणजे हृदयाभोवतीचं आवरण. ‘डिस्’ म्हणजे दुस् किंवा दुर्: दुर्गंध, दुष्काळ आणि डिस्प्निया, म्हणजे श्वास घ्यायला त्रास.

या सगळ्यांत जीव वाचवू शकेल अशी जोडी ‘हायपर’ आणि ‘हायपो’ची. फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात आणि अर्थ मात्र नेमका उलटा. ‘हायपर’ म्हणजे उपरि, वरचं, जास्त. आपलं ‘वर’ याच ‘उपरि’चं झिजलेलं रूप आहे. ‘हायपो’ म्हणजे उप, खालचं, कमी. उपसंपादक संपादकाच्या खाली असतो तसं. हायपरटेन्शन म्हणजे वाढलेला रक्तदाब, हायपोटेन्शन म्हणजे उतरलेला. हायपरथायरॉइड माणसाचं वजन घटतं, छाती धडधडते. हायपोथायरॉइडमध्ये वजन वाढतं, थकवा येतो, थंडी सोसत नाही. मधुमेही माणसाला घाम सुटून हातपाय थरथरू लागले आणि रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेलेली असली, तर तो हायपोग्लायसेमिया. शुद्धीवर असेल तर लगेच साखर द्यायची. हायपरग्लायसेमियात साखर दिली तर भर पडते. घरात मधुमेही असेल तर हे दोन शब्द फ्रिजवर चिकटवून ठेवावेत: हायपर म्हणजे वर, हायपो म्हणजे उप.

एका अवयवाला दोन नावं कशी?

मूत्रपिंडांच्या डॉक्टरांना नेफ्रोलॉजिस्ट म्हणतात, पण मूत्रपिंडं निकामी झाली की कागदावर ‘रीनल फेल्युअर’ लिहितात. फुप्फुसाला न्यूमोनिया होतो, पण तपासणीचं नाव ‘पल्मनरी फंक्शन टेस्ट’. त्वचेचे डॉक्टर डर्मॅटोलॉजिस्ट, पण त्वचेखाली द्यायचं इंजेक्शन ‘सबक्युटेनियस’. स्तनाची तपासणी मॅमोग्राफी, शस्त्रक्रिया मॅस्टेक्टॉमी. नवख्या माणसाला वाटतं की हे वेगवेगळे अवयव आहेत.

याला इतिहास आहे. हिप्पोक्रेटिस आणि गॅलेन यांच्यापासूनचं वैद्यक ग्रीकमध्ये लिहिलं गेलं. गॅलेनने तर रोममध्ये राहूनही ग्रीकच वापरली. त्यामुळे रोगांची नावं ग्रीक राहिली. पुढे युरोपात विद्वानांची भाषा लॅटिन झाली. १५४३ मध्ये अँड्रियास व्हेसालियसचा मानवी शरीररचनेवरचा मोठा ग्रंथ आला, तोही लॅटिनमध्ये. त्यामुळे अवयवांची शरीरशास्त्रीय नावं लॅटिन ठरत गेली. ढोबळमानाने आजही तसंच आहे: आजार, शस्त्रक्रिया आणि तज्ज्ञ बहुधा ग्रीक, जागा दाखवणारं विशेषण बहुधा लॅटिन. नेफ्रो आणि रीनल एकच, न्यूमो आणि पल्मो एकच, डर्मा आणि क्युटिस एकच, एवढं माहीत असलं तरी रिपोर्टची पानं एकमेकांशी जुळायला लागतात.

न वाजणारा पी आणि इतर अक्षरं

काही अक्षरजोड्या दिसल्या की शब्द ग्रीक आहे हे ओळखता येतं. पी-एचचा उच्चार ‘फ’, सी-एचचा बहुधा ‘क’, मध्येच आलेला वाय, आणि आर-आर-एच ही चमत्कारिक तिळी, जी डायरिया, हेमरेज आणि अ‍ॅरिद्मिया या तिन्ही शब्दांच्या स्पेलिंगमध्ये आहे. नेत्ररोगशास्त्राच्या इंग्रजी नावात पी-एचच्या पाठोपाठ टी-एच येतं, आणि पहिला एच गाळण्याची चूक दवाखान्यांच्या पाट्यांवरही दिसते.

न्यूमोनिया, सायकियाट्री आणि टेरिजियम या तिन्ही शब्दांचं स्पेलिंग पीने सुरू होतं आणि तिन्हीत पी मुका आहे. ग्रीक लोक तो उच्चारत असत, पण इंग्रजांच्या जिभेला शब्दारंभी ‘प्न’ आणि ‘प्स’ झेपत नाहीत. गंमत अशी की त्याच पीच्या आधी स्वर आला की तो बोलू लागतो. न्यूमोनियातला मुका पी ‘अ‍ॅप्निया’त स्पष्ट ऐकू येतो, कारण तिथे त्याला मागच्या स्वराचा आधार मिळतो. टेरिजियम म्हणजे डोळ्यांच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारा मांसल पडदा. उन्हात राबणाऱ्या लोकांमध्ये तो जास्त आढळतो. त्यातला ‘प्टेर’ म्हणजे पंख, आणि तोच ‘हेलिकॉप्टर’च्या शेवटी आहे. हा शब्द ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ असा तुटत नाही. ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्री आणि ‘प्टेर’ म्हणजे पंख.

गूगलवर शोधताना एक अडचण येते. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये अ‍ॅनिमियात ए आणि ई शेजारी-शेजारी असतात, अमेरिकन स्पेलिंगमध्ये नुसता ई. आपल्या प्रयोगशाळांच्या छापील नमुन्यांत दोन्ही सापडतात. आजार एकच आहे.

खरोखरच लांब शब्द

गिळताना त्रास होतो म्हणून घशातून दुर्बीण घालतात, त्याला आपले डॉक्टर ओजीडी स्कोपी म्हणतात. पूर्ण नाव ईसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपी, ब्रिटिश स्पेलिंगमध्ये २७ अक्षरं. स्कोपी म्हणजे बघणं. काय बघणं, तर अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, ज्याला ड्युओडेनम म्हणतात. दुर्बीण ज्या क्रमाने आत जाते त्याच क्रमाने अवयव शब्दात आले आहेत. ड्युओडेनममध्ये लॅटिनचे बारा दडलेले आहेत. या भागाची लांबी बारा बोटांच्या रुंदीएवढी मानली जात असे. पुढच्या भागाचं नाव जेजुनम, म्हणजे उपाशी, कारण शवविच्छेदनात तो रिकामा सापडायचा.

३० अक्षरांचा ‘स्यूडोस्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम’ हा शब्द थट्टेतला वाटतो, पण तो अमेरिकन डॉक्टर फुलर ऑलब्राइट यांनी १९५२ मध्ये गंभीरपणे वापरात आणला. थायरॉइड म्हणजे ढालीसारखी दिसणारी ग्रंथी. तिच्या मागे असतात त्या पॅराथायरॉइड, कॅल्शियमचा तोल सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथी. त्यांचं संप्रेरक कमी पडलं तर हायपोपॅराथायरॉइडिझम. संप्रेरक भरपूर असूनही शरीर दाद देत नसेल, तर कमतरतेचं नुसतं सोंग, म्हणून त्याला ‘स्यूडो’. आणि त्या रुग्णांसारखीच बुटकी चण, गोल चेहरा, आखूड बोटं असूनही रक्तातलं कॅल्शियम व्यवस्थित असेल, तर सोंगाचंही सोंग. तीस अक्षरांत एकही वाया गेलेलं नाही.

याच्या उलट ४५ अक्षरांचा तो प्रसिद्ध शब्द, न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. प्रश्नमंजूषांमध्ये इंग्रजीतला सर्वात लांब शब्द म्हणून तो विचारतात आणि मुलं तो पाठ करतात. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या शब्दकोड्यांच्या शौकिनांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो मुद्दाम लांब व्हावा म्हणून रचला, आणि वापरात आल्यामुळे शब्दकोशांनी घेतला. विग्रह सोपा आहे: फुप्फुस, अतिसूक्ष्म, सिलिका, ज्वालामुखी, धूळ, आणि शेवटी ‘ओसिस’. ज्वालामुखीच्या सूक्ष्म सिलिका-धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार.

डॉक्टर हा शब्द वापरत नाहीत. ते नऊ अक्षरांचा ‘सिलिकोसिस’ लिहितात, आणि तो ज्वालामुखीमुळे होत नाही. तो होतो दगडखाणीत, खडी फोडणाऱ्या क्रशरवर, वाळूच्या झोताने लोखंड घासणाऱ्या कारखान्यात, गुजरातमधल्या खंभातला अकीक दगड घासताना, मध्य प्रदेशात मंदसोरला पाटीवरची पेन्सिल कापताना. धुळीचे कण फुप्फुसात रुततात, तिथे व्रण धरतात आणि ते पूर्ववत होत नाही. क्षयाची शक्यताही वाढते, आणि एक्स-रेवर दोन्हींची गल्लत होऊन कामगाराला नुसती क्षयाची औषधं मिळत राहण्याचा धोका असतो. सिलिकोसिस हा सरकारला कळवायलाच हवा असा आजार आहे, हे १९४८ च्या कारखाने कायद्याने ठरवलं होतं. मुलांना तो ४५ अक्षरी शब्द पाठ करायला लावणाऱ्या शिक्षकांनी त्याच तासाला खडी क्रशरवरच्या माणसांबद्दलही पाच मिनिटं बोलावं, असं मला मनापासून वाटतं. नुकसानभरपाईच्या अर्जावर लागतो तो नऊ अक्षरी शब्दच.

जिथे विग्रह थांबतो

काही शब्द फोडले तर जुनी समजूत बाहेर येते, खरा अर्थ येत नाही. ‘हिस्टेरेक्टॉमी’ म्हणजे गर्भाशय काढणं. ग्रीक ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय. ‘हिस्टेरिया’ही त्यावरूनच आला, कारण बायकांचे मानसिक त्रास गर्भाशयातून उद्भवतात असं शतकानुशतकं मानलं गेलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० च्या निदानसूचीतून ते नाव वगळलं. तरी कुणा बाईचा संताप या शब्दाने उडवून लावणारे अजून भेटतात, तेव्हा विग्रह त्यांच्यापुढे ठेवावा.

‘इडिओपॅथिक’ असं लिहिलेलं असेल तर ‘इडिओ’ म्हणजे स्वतःचा आणि ‘पॅथी’ म्हणजे आजार. हा आजार आपला आपणच उद्भवलेला आहे, म्हणजे त्याचं कारण सापडलेलं नाही. ‘अनरिमार्केबल’ वाचून घाबरू नये. नोंद घेण्यासारखं काही आढळलं नाही, ही चांगली बातमी असते. बायोप्सीवर ‘निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी’ असेल तर तपासलेल्या तुकड्यात कर्करोग दिसला नाही.

आणि हाशिमोटो, पार्किन्सन, क्रोन अशी नावं आली तर ती माणसांची आडनावं आहेत. हाकारू हाशिमोटो यांनी थायरॉइडच्या त्या विकाराचं वर्णन १९१२ मध्ये केलं, जेम्स पार्किन्सन यांनी कंपवाताचं १८१७ मध्ये. तिथे फोडायला काही नसतं, डॉक्टरांना विचारावंच लागतं. विचारताना मूळ शब्द कागदावरून जसाच्या तसा दाखवावा, आणि त्याच्या आधी ‘माइल्ड’, ‘मॉडरेट’ की ‘सिव्हिअर’ लिहिलं आहे तेही, कारण उपचार पुष्कळदा त्या छोट्या शब्दावरच ठरतात.